गृहोपयोगी यंत्रविचार : टपाल हरपलें कीं दिसेनासें झालें?

व्याकरणशास्त्रांत ‘लोप’ या संज्ञेचा अर्थ नाश असा नाहीं. जें असावयास पाहिजे तें न दिसणें, यास पाणिनीनें लोप म्हटलें आहे. आणि प्रत्यय लुप्त झाला तरी त्याचें कार्य होतच असतें, हें कौमुदीचा अभ्यास केलेल्या वाचकांस ठाऊकच आहे. हाच विवेक संगणकावरील टपालाच्या बाबतींत राखला, तर कित्येक घरांतील अनर्थ टळेल, असें आम्हांस वाटतें.

हल्लीं एकत्र कुटुंबांत दिवाणखान्यांतील एका मोठ्या संगणकावर साऱ्या घराचें ई-टपाल येतें. परदेशीं गेलेल्या मुलांचीं पत्रें, शेताच्या वांटणीचा पत्रव्यवहार, विम्याच्या पावत्या, प्रसंगीं दिवंगत वडिलांचीं शेवटचीं चार अक्षरें, असा हा ठेवा असतो. एके दिवशीं टपालाचा कार्यक्रम उघडावा, तों तो कोरा! खात्यांचीं नांवें नाहींत, जुनीं पत्रें नाहींत. उलट परक्या माणसास विचारावें तसा तो आपलें नांव आणि पत्ता विचारतो. मग घरांतील एखादा उत्साही तरुण म्हणतो, “सगळें पुसून नव्यानें बसवूं या.” खरा धोका आहे तो येथें.

उदाहरणासाठीं थंडरबर्ड हा पुष्कळांच्या उपयोगांतील कार्यक्रम घेऊं. याची पहिली आवृत्ति २००४ सालीं निघाली. खात्यांची मांडणी व पत्रें हा कार्यक्रम स्वतःच्या पोटांत ठेवीत नाहीं. त्यांकरितां ‘प्रोफाइल’ नांवाची निराळी कोठी असते. तींत मांडणी एका फाइलींत, परवलीचे शब्द दुसरीकडे आणि पत्रें ‘मेल’ व ‘आयमॅपमेल’ या फोल्डरांत असतात. म्हणून मांडणी दिसेनाशी झाली म्हणजे पत्रें गेलीं, असें मुळींच नाहीं. २०१९ पासून कार्यक्रमाच्या प्रत्येक स्थापनेस स्वतंत्र प्रोफाइल मिळूं लागलें. बत्तीस-बिटी आवृत्तीच्या जागीं चौसष्ट-बिटी बसविली आणि ती निराळ्या ठिकाणीं बसली, तर नवी रिकामी कोठी उघडते. जुनी शेजारींच भरलेली असते. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात तो हाच प्रकार.

आतां शोधाचा क्रम. लोहाराकडे सुई आणि कढई यांची मागणी एकदम आली, तर तो सुई आधीं करतो. त्या सूचीकटाहन्यायानें सोपें तें प्रथम पाहावें. मांडणीचा मेनूच दिसत नसेल, तर ‘ऑल्ट’ ही कळ दाबावी. लपलेली मेनूची ओळ वर येते. उजव्या बाजूस वर तीन आडव्या रेघांचें चिन्ह असतें, त्यांतूनही ‘अकाउंट सेटिंग्ज’ सांपडतें.

खातींच नसतील, तर नांव विचारणारी चौकट न भरतां बंद करावी. ‘हेल्प’ मेनूंतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडून ‘अबाउट प्रोफाइल्स’ या दुव्यावर जावें. तेथें सर्व कोठ्यांची यादी असते व प्रत्येकीचें फोल्डर उघडून पाहतां येतें. जींत पत्रांचा भरणा आहे ती आपली. आधीं कार्यक्रम बंद करून त्या संपूर्ण फोल्डराची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी. मग तिच्यापुढील ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट प्रोफाइल’ दाबून कार्यक्रम पुन्हा सुरू करावा. ‘रिमूव्ह’ या बटणास मात्र चुकूनही हात लावूं नये.

जुनी कोठी उघडूनही खातीं नसतील, तर मांडणीची फाइल बिघडली आहे असें समजावें. पूर्वींची नक्कल असल्यास ती परत ठेवावी. नसल्यास खातें नव्यानें मांडावें. येथें ‘आयमॅप’ आणि ‘पॉप’ यांतील भेद जाणणें अवश्य आहे. आयमॅप पद्धतींत मूळ पत्रें सेवादात्याच्या यंत्रावर राहतात, म्हणून खातें पुन्हा मांडतांच तीं परत दिसतात. पॉप पद्धतींत तीं बहुधा आपल्या संगणकावर उतरवून तिकडून काढून टाकलीं जातात. त्या घरीं ‘मेल’ फोल्डर हीच एकमेव प्रत असूं शकते. तें पुसणें म्हणजे दप्तर जाळणेंच होय.

नव्यानें मांडतांना येणाऱ्या टपालाचें द्वार आयमॅपकरितां ९९३, पॉपकरितां ९९५, आणि जाणाऱ्या टपालाचें ५८७ किंवा ४६५ असें सामान्यतः असतें. जीमेलच्या खाजगी खात्यांस अशा कार्यक्रमांतून नुसता नेहमींचा परवलीचा शब्द मे २०२२ पासून चालत नाहीं. ‘ओऑथ २’ ही पद्धत निवडली म्हणजे गूगलचेंच पान उघडतें व तेथें ओळख पटवावी लागते. परवलीचा शब्द बरोबर असूनही नकार येतो, त्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें.

आणखी एक इशारा वडीलधाऱ्यांस. घाबरून जाऊन इंटरनेटवर सांपडलेल्या एखाद्या ‘मदत क्रमांका’वर दूरध्वनि करूं नये व अनोळखी माणसाच्या हातीं संगणकाचा ताबा देऊं नये. टपालाची किल्ली हातीं लागली, कीं पेढीच्या व्यवहाराची किल्लीही फार दूर राहत नाहीं. फसवणूक झालीच, तर लाज न धरतां १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. अशा वेळीं विलंबानें हानि वाढते.

दसऱ्यास आपण शस्त्रांची व यंत्रांची पूजा करतों, हल्लीं संगणकासही हळदकुंकू लागतें. त्याच दिवशीं प्रोफाइलची नक्कल घेण्याचा नेम ठेवावा. खात्यांचीं नांवें, पद्धति व द्वारांचे आंकडे घराच्या वहींत लिहावे. परवलीचे शब्द मात्र त्या वहींत नकोत, ते निराळे जपावे. आणि हें काम घरांतील एकालाच येत असेल, तर निदान दुसऱ्या एकास, मग ती सून असो वा नातू, शेजारीं बसवून शिकवावें.

पुढील अंकीं कुटुंबाचीं जुनीं छायाचित्रें संगणकावर कशीं राखावीं, याचा विचार करूं.