'निर्मनुष्य' अरण्याची संध्याकाळ

ताडोबाच्या सफारीवरून परतलेल्या मराठी लेखकाची संध्याकाळ आता आपल्याला पाठ आहे: शेकोटी, व्याघ्रदर्शनांची मोजदाद, तंबूत वारली चित्र आणि शेवटी 'निर्मनुष्य अरण्याची शांतता'. निर्मनुष्य? तिथली गावे उठवली गेली आहेत. ताडोबा हे नावच मुळी, आख्यायिकेनुसार, वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू या गोंड गावप्रमुखाचे! आणि ते चित्र ज्यांचे, त्या डहाणू-तलासरीच्या वारल्यांचा वाघ हा देव आहे. चंद्रसूर्यांसह लाकडात कोरलेला, वाघबारशीला पुजला जाणारा. त्याच्या दर्शनाला तिकीट नाही. तलासरीतल्या झरीला १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध एकवटलेले हेच वारली गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये भेटतात. तेही अरण्यातच राहत होते. ते पुस्तक वाचलेली मंडळी सफारीच्या लेखात 'निर्मनुष्य' लिहितात, तेव्हा त्याला अज्ञान कसे म्हणावे?