उसनी रेघ

ज्याला रेघ धड ओढता येत नाही त्याने चित्रकलेच्या वाटेस जाऊ नये, असा एक अलिखित हुकूम आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या बजावला गेला आहे. आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांच्या उंबरठ्यावरून परत फिरलेली कितीतरी शहाणीसुरती माणसे पुढे आयुष्यभर, रंगांची पेटी समोर आली की, हे काम आपले नव्हे अशा समजुतीने हात मागे घेतात. या माणसांना पुन्हा कागदापाशी आणून बसविण्याचे सामर्थ्य ज्या एका क्षुल्लक साधनात मला आढळले, ते साधन म्हणजे ज्याची सारी उमर कचेऱ्यांतून आवक-जावक नोंदविण्यात आणि मंजुरी-नामंजुरीचे शेरे उमटविण्यात गेली तो रबरी शिक्का होय. अशा शिक्क्यांनी हातांनी शुभेच्छापत्रे करणे, त्यांच्या जोडीस कागदाचे कपटे, कापड, लेस, रंग असे नाना जिन्नस घेऊन संमिश्र चित्रे रचणे, हा छंद अलीकडे आपल्याकडेही रुजू लागला आहे. तो चित्रकलेची केवळ नक्कल आहे असे मानणाऱ्यांशी माझा मनापासून मतभेद आहे.

या शिक्क्याची कुळकथा जाणून घेण्याजोगी आहे. नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट होई व कडाक्याच्या थंडीत तडकून जाई. त्यात गंधक मिसळून ते तापविले असता ते लवचीक राहून टिकाऊ होते, ही गोष्ट अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याच्या १८३९ मध्ये ध्यानात आली आणि १८४४ मध्ये त्याला त्या कृतीचे पेटंट मिळाले. पुढे त्या रबराच्या कवळ्या होऊ लागल्या, त्यासाठी दंतवैद्य रबर तापविण्याची छोटी बंद भांडी बाळगू लागले, आणि १८६० नंतरच्या दशकात काही कल्पक माणसांनी तसल्याच भांड्यांत अक्षरांचे साचे ठेवून पहिले रबरी शिक्के काढले. त्या शोधाच्या मानासाठी तिथे एकाहून अधिक दावेदार आहेत. तोपर्यंतच्या मुद्रा बहुधा धातूच्या असत. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शिरोभागी राजमुद्रा आणि अखेरीस मर्यादामुद्रा उमटविलेली असे, आणि ही दुसरी मुद्रा पडली म्हणजे मजकूर तिथे संपला, त्याखाली कोणासही एक अक्षर घुसडता येणार नाही, अशी ती हमी होती. मुद्रेचा मूळ धर्म हा असा अधिकाराचा आणि बंदोबस्ताचा. तीच वस्तू फुले-पाखरे उमटविण्याच्या कामी यावी, हा मोठा सुखद पालट आहे.

हा पालट घडविणाऱ्यांत थोर कलावंतही होते. जर्मनीतील कुर्ट श्विटर्स याने १९१९ च्या सुमारास कचेरीतले शिक्के, स्वतःचे रेखाटन आणि चिकटविलेले कागद यांच्या मिश्रणातून चित्रे केली. रुमानियात जन्मलेला सॉल स्टाइनबर्ग हा युद्धकाळात युरोपातून निसटताना परवाने व पासपोर्ट यांच्या फेऱ्यात असा काही सापडला की, पुढे अमेरिकेत नामांकित झाल्यावरही खोट्या सनदा, न वाचता येणाऱ्या सह्या आणि कृत्रिम मोहरा यांनी त्याची चित्रे भरून गेली. १९५४ च्या त्याच्या संग्रहाचे नावच ‘द पासपोर्ट’ असे आहे, आणि पुढे तर त्याने माणसांच्या लहान लहान आकृत्यांचे शिक्के मुद्दाम घडवून घेऊन ते आपल्या चित्रांत वापरले. ज्याची स्वतःची रेघ जगात वाखाणली जात होती अशा या माणसाला शिक्क्याची तयार रेघ हलकी वाटली नाही, ही गोष्ट आपल्या वादात मी पुराव्यादाखल पुढे करतो. हौशी मंडळींत या छंदाचा प्रसार अमेरिकेत झाला तो गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. आक्षेप असा की, चित्र दुसऱ्याचे, तुम्ही केवळ दाब दिला. मग त्यात तुमचे ते काय? हा प्रश्न विचारणारे लोक सांगानेर-बगरूचे छापील कापड मात्र कौतुकाने अंगावर घेतात. त्या कापडावरचे लाकडी ठसे कोरणारा कारागीर निराळा, कदाचित दूर गुजरातेत पेथापूरला बसलेला, आणि ते कापडावर उमटविणारा छिपा निराळा; तथापि छिप्याला नकलाकार म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही. कारण ठसा फूल देतो, पण ते फूल कोठे ठेवावे, किती वेळा ठेवावे, कोणत्या रंगात बुडवावे, आणि विशेषतः त्याच्याभोवती किती जागा रिकामी राखावी, हे ठसा सांगत नाही. ते ठरविणाऱ्या बुद्धीला रचना म्हणतात. रेघ उसनी घेता येते, रचना उसनी मिळत नाही. आपल्या शाळांतून पहिली-दुसरीच्या मुलांना भेंडी व बटाटा कापून जे ठसेकाम शिकवितात, त्यात हे तत्त्व शुद्ध स्वरूपात आहे. खेद एवढाच की, मूल थोडे मोठे झाले की ठसेकाम बालिश ठरवून त्याच्या हाती फूटपट्टी दिली जाते.

आमच्या आत्याबाई चित्रकलेच्या तासाला भिणाऱ्यांपैकी होत्या, असे त्या स्वतः सांगतात. आज सत्तरी ओलांडल्यावर दिवाळीची शुभेच्छापत्रे त्या स्वतः करतात, आणि त्यांच्या हाताखाली बसून मी जे पाहिले ते लिहून ठेवण्याजोगे आहे. त्यांच्यापाशी शेवंतीचा एकच ठसा आहे. त्या एका ठशातून एकमेकांआड लपलेल्या तीन फुलांचा गुच्छ काढावयाचा, तर नवखा माणूस मागचे फूल आधी उमटवू पाहील. आत्याबाई नेमके उलट करतात. सर्वांत पुढचे फूल पहिले उमटवावयाचे, तेच फूल एका पातळ कागदावर पुन्हा उमटवून कात्रीने कापून घ्यावयाचे, ते कात्रण पहिल्या फुलावर बेताने झाकून ठेवावयाचे, आणि मग ठसा अर्धवट त्या झाकणावर व अर्धवट कार्डावर येईल असा दाबावयाचा. झाकण उचलले की दुसरे फूल पहिल्याच्या मागे जाऊन उभे असते. येथे खुबी कापण्यात आहे: कात्री रेघेच्या बाहेरून फिरली तर दोन फुलांमध्ये पांढरी फट राहते, म्हणून ती रेघेच्या किंचित आतून फिरवावी लागते. “अरे, रेघ खाऊन काप, रेघ सोडून कापू नकोस,” असे त्या मला बजावतात.

यानंतरचा विधी सोनेरी भुकटीचा. ठशासाठी दोन तऱ्हांची शाई मिळते; एक कागदात मुरून झटकन वाळणारी आणि दुसरी, दाट रंगद्रव्याची, बराच वेळ ओली राहणारी. भुकटी धरून ठेवण्यास ही दुसरी हवी. आरंभी कार्डावर टाल्कम पावडरची पुरचुंडी हलके फिरवितात, म्हणजे भुकटीचे कण नको तेथे चिकटत नाहीत. मग ठसा, मग त्यावर भुकटी सढळ हाताने, मग कार्ड कलते धरून पाठीमागून टिचकी, आणि गळलेली भुकटी घडी घातलेल्या कागदावरून परत डबीत. राहिलेल्या भुकटीवर उष्ण हवेचे यंत्र धरले असता क्षणभर काहीच घडत नाही. पुढच्या क्षणी मळकट पिवळी नक्षी एका टोकाकडून वितळत, उजळत जाते आणि कागदावर उठून दिसणारी सोन्याची रेघ तयार होते. केस वाळविण्याच्या यंत्राने हे साधत नाही, त्याच्या झोताने भुकटीच उडून जाते. उष्णता जास्त झाली तर चकाकी जाऊन नक्षी कागदात जिरते. यंत्र नेमके कोणत्या निमिषी बाजूस घ्यावे, याची तालीम डोळ्यांनाच मिळावी लागते, आणि आत्याबाईंच्या डोळ्यांना ती उत्तम मिळाली आहे.

वयाचा विषय निघाला म्हणून सांगतो, कागदाच्या कलेत उशिरा आरंभ करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. इंग्लंडमधील मेरी डिलेनी या बाईंनी १७७२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलझाडे रचण्यास प्रारंभ केला आणि दृष्टी अधू होईपर्यंतच्या दहा वर्षांत जवळजवळ हजार चित्रे सिद्ध केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकेका फुलात शेकडो कात्रणे, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती बिनचूक.

कागदाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नवशिक्यांची निराशा बहुतेक तेथेच होते. आपल्याला हातकागदाचा अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. जुन्नर येथे आणि दौलताबादेनजीकच्या कागझीपुऱ्यात पूर्वी उत्तम कागद होई, आणि पुण्यातही हातकागदाचे काम स्वातंत्र्यापूर्वीपासून चालत आलेले आहे. तथापि आज बाजारात मिळणारा जाडाभरडा, फुलांच्या पाकळ्या घातलेला हातकागद ठशाला सहसा मानवत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर बारीक रेघा तुटतात आणि शाई पसरते. जुन्या कागदी लोकांना हे पक्के ठाऊक होते. बोरूने लिहिताना शाई फुटू नये म्हणून ते कागदाला खळ लावीत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटून त्याला झिलई आणीत. हाच उपाय मी घरी करून पाहिला आहे. तांदळाची पातळ खळ रुंद कुंचल्याने एकदाच फिरवावी, कागद सावलीत वाळू द्यावा, जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवावा आणि सकाळी नदीतल्या गोट्याने एकाच दिशेने घोटावा. त्यानंतर त्यावर ठसा असा स्वच्छ उठतो की, दुकानातील महागड्या कार्डाची आठवणही होत नाही. यंत्रावरच्या कागदाला तंतूंची एक दिशा असते व त्याच दिशेने घडी घातली तर ती साफ बसते, हेही ध्यानात ठेवावे. कार्ड दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिले की, ज्या बाजूने ते कमी विरोध करते ती दिशा कळते.

संमिश्र चित्रांबद्दल थोडक्यातच लिहितो. जुन्या पंचांगाची पाने, वापरलेली टपालाची तिकिटे, साडीच्या काठाचा तुकडा, चहाच्या पाण्यात बुडविलेला कागद, असे काहीही चालते. वर शुभ्र गेसोचा, म्हणजे रंगकामाआधी देण्याच्या अस्तराचा, पातळ हात फिरवला की ते सारे एका पातळीवर येते आणि त्यावर ठसे उमटविता येतात. पण हौसेच्या भरात एकाच चौकोनात सर्व संग्रह रिता करण्याची प्रवृत्ती मला सोसत नाही. लग्नाच्या रुखवतात ती शोभते. हातभर लांबीच्या चित्रात तीन जिन्नस पुष्कळ झाले.

उसन्या रेघेचा व्यवहारही नीतीचा असावा लागतो, आणि या बाबतीत अमेरिकेतील ठसेवाल्यांनी एक सुंदर रिवाज पाडला आहे. ठशावरचे चित्र ज्याने काढले त्याचा त्यावर हक्क असतो. तरीही तेथील अनेक कंपन्या, ठसा विकत घेणाऱ्याने त्यापासून स्वतः केलेली कार्डे विकण्यास मुभा देतात, आणि अशा कंपन्यांना त्या वर्तुळात ‘एंजल कंपनी’ म्हणतात. मुख्य अट अशी की, प्रत्येक छाप हाताने उमटविलेली असली पाहिजे. तिची छायाप्रत काढून किंवा छापखान्यात देऊन विक्री करता येणार नाही. ज्यांना हाताच्या दाबात आणि यंत्राच्या दाबात भेद दिसत नाही, त्यांनी या अटीचा विचार करावा. तो भेद व्यापाऱ्यांनी ओळखला आहे, आणि तो आपल्या नफ्याच्या व्यवहारातही पाळला आहे.

आपल्याकडील उणीव निराळी आहे. बाजारात येणारे ठसे बहुतांशी परदेशी नमुन्यांचे, त्यामुळे आपल्या संक्रांतीच्या पत्रांवर हिमकण पडतात आणि दिवाळीच्या पत्रांवर मेपलची पाने झडतात. ज्या प्रांतात सुगडी, आकाशकंदील, तुळशीवृंदावन, पैठणीवरचा मोर, सावंतवाडीच्या गंजिफांची आणि पिंगुळीच्या चित्रकथीची परंपरा नांदते, त्या प्रांताने हे का सोसावे? उपायही दूर नाही. कोर्टकचेऱ्यांच्या आसपास तलाठ्यापासून नोटरीपर्यंत सर्वांचे शिक्के करून देणारी जी लहान दुकाने असतात, त्यांच्याकडे आता लेझरने रबर कोरणारी यंत्रे आहेत. पांढऱ्या कागदावर गडद काळ्या शाईने चित्र काढून न्यावे, रेघा फार नाजूक ठेवू नयेत आणि चित्र स्वतः उलटे काढू नये, ते काम यंत्र करते.

गेल्या श्रावणात आत्याबाई अशा एका दुकानात गेल्या. नातीने काढलेले आकाशकंदिलाचे चित्र त्यांनी पुढे ठेवले, तेव्हा नाव आणि हुद्दा विचारण्याची सवय जडलेल्या त्या गृहस्थांनी ते बराच वेळ न्याहाळले, फक्त आकार विचारला, आणि दुसऱ्या दिवशी शिक्का देताना पहिली छाप स्वतःच्या नमुन्यांच्या वहीत उमटवून घेण्याची परवानगी मागितली. गिऱ्हाईक मागेल तर हा शिक्का करून देऊ का, असेही विचारले. आत्याबाईंनी नातीला फोन लावला, दोघींचे बोलणे झाले, आणि मग त्यांनी दुकानदाराला सांगितले की, शिक्का हवा त्याला खुशाल करून द्यावा, मात्र ज्याला कार्डे करावयाची असतील त्याने ती हाताने करावीत, हे चित्र छापखान्यात द्यावयाचे नाही. दुकानदाराने ती अट वहीत छापेखालीच लिहून घेतली, आणि आत्याबाईंनी तिच्याखाली आपली सही केली.