करारातील कारखाना

२०२२ च्या सप्टेंबरात वेदान्त व फॉक्सकॉन या उद्योगसमूहांनी चिपांच्या कारखान्यासाठी गुजरात सरकारशी करार केला. आकडा १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा! हा कारखाना पुण्याजवळ तळेगावास होणार, अशी वदंता आधी पसरलेली असल्याने महाराष्ट्रात गदारोळ उठला. येथे उज्जयिनीतील मराठी घरांतही ‘आपला कारखाना पळविला’ असा सूर निघाला. जो मुळी उभाच नव्हता, तो पळविला कसा? एका भागीदाराचा मुख्य व्यवसाय खाणी व धातूंचा, दुसऱ्याचा उपकरणांच्या जोडणीचा. चिप घडविण्याची विद्या तिसऱ्याकडूनच आणावयाची होती. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतले आणि भांडणाचा विषयच संपला.

मला हळहळ वाटते ती निराळ्याच गोष्टीची. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अमेरिकेने घातलेल्या आडकाठीला ते सणसणीत उत्तर होते, यात संशय नाही. परंतु त्याच्या पोटातले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. ती उणीव भरून काढण्याचे काम मद्रासच्या आय.आय.टी.ने हाती घेतले. तेथील अध्यापक-विद्यार्थ्यांनी ‘शक्ती’ प्रोसेसरचा आराखडा स्वतः रचून २०१८ साली त्याची चिप चालवून दाखविली. विद्यार्थिमित्रहो, तिच्याविषयी आपल्या घरी कधी वाद झाला काय? तिचा पाया असलेला ‘रिस्क-फाइव्ह’ हा आज्ञासंच सर्वांस खुला आहे. त्यासाठी परवान्याचे शुल्क पडत नाही, की कोणत्या सरकारशी करारही करावा लागत नाही.