भुतांच्या बाजारात इतिहासाचा भाव

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीत सायंकाळ झाली की पदपथांवर माणसांचे घोळके दिसू लागतात. पुढे मार्गदर्शक, मागे हातात प्लॅस्टिकचे पेले घेतलेले पर्यटक. काचेचे भांडे नसेल तर मद्य घेऊन रस्त्यावरून चालण्यास तेथे मनाई नाही. त्यामुळे एका बारमध्ये ऐकलेली भुताची गोष्ट दुसऱ्या बारच्या दारापर्यंत पेल्यासकट पोहोचते. ‘ऐतिहासिक बारांची भूत-फेरी’ हा आता तेथील पर्यटनाचा स्थिरावलेला धंदा आहे. गोव्यासारख्या, मद्य आणि वारसा या दोन्हींसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाने त्याकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये.

या फेऱ्यांचा एक आवडता थांबा म्हणजे बोर्बन स्ट्रीटवरील ‘लाफीत्स ब्लॅकस्मिथ शॉप’. अठराव्या शतकातील ही बसकी वास्तू 1970 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक ठरली. जाँ लाफीत हा चाचा लोहारकामाच्या आडून येथे चोरटा व्यापार करी, असे सांगितले जाते. त्याला कागदोपत्री आधार मात्र नाही. अशा दंतकथेने कोणाचे बिघडत नाही. चाच्याचे भूत शेकोटीपाशी बसत असेल तर खुशाल बसो.

प्रश्न उभा राहतो तो रॉयल स्ट्रीटवरील लालॉरी वाड्यासमोर. 10 एप्रिल 1834 रोजी या घराला आग लागली आणि विझवायला धावलेल्या लोकांना आत साखळदंडांनी जखडलेले, उपाशी, छळलेले सात गुलाम सापडले. संतप्त जमावाने घराची नासधूस केली. मालकीण देल्फीन लालॉरी पळून पॅरिसला गेली. त्या काळच्या वृत्तपत्रांनी नोंदवलेली ही हकीकत कोणाचाही थरकाप उडवण्यास पुरेशी आहे. धंद्याला मात्र ती पुरली नाही. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, 1946 मध्ये निघालेल्या एका भूतकथासंग्रहाने तिच्यात अमानुष शस्त्रक्रियांचे तपशील मिसळले. 2013 मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेने त्यांना जगभर नेले. आज फेरीत ऐकू येते ते बहुतांशी हेच. शिवाय पर्यटक ज्या भिंतींची छायाचित्रे काढतात, ती इमारत मुळात नासधुशीनंतर, 1838 च्या सुमारास नव्याने उभारलेली आहे.

इतिहासकार टिया माइल्स यांनी ‘टेल्स फ्रॉम द हॉन्टेड साउथ’ या 2015 मधील पुस्तकात याच व्यवहाराची चिकित्सा केली. सव्हाना शहरात एका वाड्यात ‘मॉली’ नावाच्या गुलाम मुलीचे भूत त्यांना सांगण्यात आले. कागदपत्रे चाळली तर अशी मुलगी असल्याचा पुरावाच सापडेना. म्हणजे खऱ्या गुलामांची नावे विस्मृतीत आणि काल्पनिक गुलामाच्या नावाने तिकीटविक्री! जिवंतपणी ज्यांच्या देहाचा बाजार मांडला गेला, त्यांच्या मरणाचाही बाजार मांडावा, यापरते क्रौर्य कोणते? न्यू ऑर्लिन्स हा यादवी युद्धापूर्वी अमेरिकेतील सर्वांत मोठा गुलामबाजार होता. त्या जागा दाखवणारे फलक शहराने उभारले ते 2018 मध्ये, त्रिशताब्दीच्या निमित्ताने. भुतांचे धंदे त्याआधीच जोरात होते.

मग मार्गदर्शकाने काय सांगावे, हे सरकारने ठरवावे काय? अमेरिकी न्यायालयांत हा वाद चांगलाच गाजला. न्यू ऑर्लिन्सच्या परवाना-परीक्षेला मार्गदर्शकांनी आव्हान दिले. 2014 मध्ये अपील न्यायालयाने परवाना वैध ठरवला, कारण शहर केवळ पात्रता तपासते, बोलण्यावर बंधन घालत नाही. चार्ल्सटन शहराची तशीच परीक्षा मात्र 2020 मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने अभिव्यक्तीस्वातंत्र्याच्या विरोधी ठरवली. गोष्टीला परवाना नसतो, हे खरेच. पण गर्दीला असू शकतो. न्यू ऑर्लिन्सने एका घोळक्यात 28 जणांची मर्यादा घातली आणि रात्री दहानंतर फेऱ्यांना मनाई केली. खिडकीखाली रोज तीच किंकाळी ऐकणाऱ्या रहिवाशाला भुतापेक्षा हा नियम अधिक उपयोगाचा.

पणजीत मळा-फोंतेन्हासच्या रहिवाशांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. उंबऱ्यावर ठाण मांडून छायाचित्रे काढणाऱ्यांचा त्यांना पुरेसा अनुभव आहे. जुनी तावेर्न, 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली काजू फेणी, अरुंद बोळ आणि रात्र: फेरीचा सारा सरंजाम येथे तयार आहे. संमोहनविद्येचे आद्य अभ्यासक आबे फारिया यांचा हात उगारलेला पुतळा पाहून उद्या कोणी त्यांना मांत्रिक ठरवले तरी नवल वाटू नये. पण मोह होईल तो याहून काळोख्या सामग्रीचा. 1560 ते 1812 या काळात, मधला अल्प खंड वगळता, येथे इन्क्विझिशन होते. मोझांबिकमधून आणलेले आफ्रिकी गुलाम गोव्यातील घरांत राबत होते. त्यांच्याविषयी सामान्य गोमंतकीयाला किती माहिती आहे? ज्यांचा इतिहास शाळेत नीट सांगितला गेला नाही, त्यांची पहिली ओळख मद्याच्या दोन पेल्यांमधल्या भूतकथेतून व्हावी काय?

गोव्याच्या लोकमानसात अदृश्याशी नाते वेगळेच राहिले आहे. देवचार गावाची सीमा राखतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवतो. लोक त्याला रोट आणि सोरो देतात, त्याच्या नावावर तिकीट फाडत नाहीत. मद्य आणि अदृश्य यांची सांगड येथेही आहे, मात्र पेला त्याच्यासमोर ठेवला जातो, त्याच्या गोष्टीसोबत विकला जात नाही.

मार्गदर्शकांच्या नोंदणीसाठी 1982 चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहेच. नोंदणीने मार्गदर्शक कोण हे कळते. तो किती जणांना घेऊन, रात्री किती वाजेपर्यंत, कोणाच्या खिडकीखाली उभा राहणार, हे ठरवण्यासाठी पणजी महानगरपालिकेने मळ्यातील रहिवाशांना आधी बोलावले पाहिजे. आयोजकांची पाळी त्यानंतर.