कोठडीतील मृत्यूचा हिशेब कोणी द्यायचा?

परभणी येथे १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद झाली; विधानसभेत मात्र मारहाणीचा पुरावा नसल्याचे सांगण्यात आले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला, तरी नुसता गुन्हा नोंदला जावा यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने तसा आदेश दिला. शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि तेथेही ते हरले.

ही घटना अपवादात्मक आहे, असे मानून समाधान करून घेण्याची सोय नाही. सांगलीत २०१७ साली लुटीच्या आरोपाखाली पकडलेल्या अनिकेत कोथळे याचा कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा आरोपी पळून गेल्याची बतावणी करण्यात आली आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळण्यात आल्याचे उघड झाले. २००३ साली मुंबई पोलिसांच्या ताब्यातून ख्वाजा युनूस हा परभणीकडचाच अभियंता नाहीसा झाला. १९९८ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, बारामतीत, एक पारधी पोलीस कोठडीत दगावला. गावे वेगळी, साले वेगळी. पण कोठडीत मरणारा माणूस बहुधा दुर्बळ समाजातील असतो, हे साम्य नजरेआड करता येणार नाही.

कायद्याचा तुटवडा आहे म्हणून हे घडते काय? तसे मुळीच नाही. अटक केलेल्या व्यक्तीस २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे घटनेचे २२वे कलम सांगते. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना सूचना आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे दंडक घालून दिले. कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी २००६ पासून सक्तीची आहे. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश झाला. २०२५ साली त्याच न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. नियम कागदावर आहेत, पण ते मोडण्याची किंमत कोणी मोजत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक परिचित कोडे दिसते. जी गोष्ट करणाऱ्याला स्वस्त आणि इतरांना महाग पडते, ती वाढतच जाते. मारहाणीने तपास झटपट ‘उलगडतो’. पोलिसांपुढील कबुलीजबाब न्यायालयात ग्राह्य नसला, तरी त्या जबाबातून वस्तू हस्तगत झाली तर तेवढा भाग पुरावा ठरतो. १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यातील २७व्या कलमाची ही तरतूद नव्या कायद्यातही कायम आहे. बोटांचे ठसे, प्रयोगशाळा, शिकलेले तपासनीस यांवर खर्च करण्यापेक्षा काठी स्वस्त! पुढे न्यायालयाने भरपाई ठरविली, तर ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून जाते. काठी चालविणाऱ्याच्या खिशाला झळ लागत नाही. त्यातच, पूर्वी पहिल्या १५ दिवसांतच संपणारी पोलीस कोठडी २०२४ पासून लागू झालेल्या संहितेनुसार ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. धाक अधिक काळ टांगता राहतो.

गुन्हेगारांशी गोडीगुलाबीने वागून चालत नाही, पोलिसांवरही वरून दडपण असते, असे काही सुजाण लोक म्हणतात. दडपण असते हे खरे, आणि अपुऱ्या मनुष्यबळावर राबणाऱ्या शिपायाचे हाल कोणी नाकारणार नाही. परंतु मार खाणारा माणूस खरे बोलत नाही. मार थांबेल ते बोलतो. निरपराध्याने मारापोटी गुन्हा कबूल केला, की खरा चोर मोकळा फिरतो. तेव्हा छळ हा तपासाचा कठोर मार्ग नव्हे, तपास टाळण्याचा मार्ग आहे.

जुन्नर-आंबेगावकरांनी हा प्रश्न परभणी-सांगलीचा म्हणून बाजूस सारू नये. डिंभे धरणापलीकडील वाड्यांतला एखादा कातकरी वा ठाकर तरुण ‘चौकशीसाठी’ नेला गेला, तर त्याची अटक नोंदली गेली की नाही हे विचारायला घोडेगावपर्यंत कोण येणार? वाडीवर कायद्याचा कागद वाचू शकणारा माणूस बहुधा आश्रमशाळेतील शिक्षक किंवा ग्रामपंचायतीतील कारकून असतो. त्याने ठाण्यात जाऊन अटकेचा कागद आहे काय, घरच्यांना कळविले काय, वैद्यकीय तपासणी झाली काय, एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. अटक झालेल्यांची नावे पोलीस ठाण्यात ठळकपणे लावण्याचे बंधन नव्या संहितेच्या ३७व्या कलमात आहे. तो फलक पाहावा. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो. दंडाधिकाऱ्यांनीही समोर आणलेल्या माणसाला, पोलीस दूर उभे करून, ‘तुला मारले काय?’ असे विचारल्याखेरीज कोठडीचा हुकूम देऊ नये.

शासनाची जबाबदारी याहून मोठी आहे. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण तो अद्याप मंजूर केलेला नाही. २०१० साली लोकसभेने संमत केलेले विधेयक पुढे रद्दबातल झाले. विधी आयोगाने २०१७ साली नवा मसुदा दिला, तोही पडून आहे. कोठडीत जखम झाली तर ती पोलिसांमुळे झाली असे गृहीत धरावे, ही शिफारस तर आयोगाने १९८५ सालीच केली होती. ती स्वीकारावी आणि भरपाई दोषी अधिकाऱ्याच्या वेतनातून वसूल व्हावी. बंद दाराआड काय घडले हे मृत सांगू शकत नाही. ज्यांच्या हाती त्या दाराची किल्ली होती, त्यांनीच त्याचा हिशेब दिला पाहिजे.