पिकअपला पिकअप नाही!

गाडी ओढत नसेल तर आपण मराठी माणसं ‘पिकअप नाही’ म्हणून मोकळे होतो. पण जिला पिकअप नाही ती गाडीच मुळात पिकअप असेल तर? आमच्या एका मित्राचं या सीझनला हेच दुखणं झालं होतं. हा गृहस्थ सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहितो आणि मार्च ते मे दर शुक्रवारी रात्री गुहागरला घरी पळतो. शनिवारी दुपारी घरच्या हापूसच्या साठेक पेट्या भरून निघतो, रात्री पुण्यात. रविवारी दिवसभर सोसायट्यांमधून वाटप. त्याचं नाव देत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी माझी पेटी बंद व्हायची. आपण त्याला पिकअपराव म्हणू.

गाडी सेकंड हॅण्ड, डिझेल, टर्बोवाली. मोकळी असताना झक्कास पळते. लोच्या होतो तो चिपळूण सोडल्यावर, कुंभार्ली घाटात. मागे टनभराच्या वर आंबा, मे महिन्यातली दुपार, समोर वळणावर वळण. दुसऱ्या गिअरमध्येही धाप, मागून काळा धूर आणि त्याच्याही मागे हॉर्न वाजवणारी एसटी. कोयनानगर येईपर्यंत पिकअपरावांच्या शर्टाचं पोतेरं झालेलं असायचं. एरवी आपण हसलो असतो. पण घाटात तासभर जास्त गेला की वरच्या थरातला आंबा तापतो, पेटीत डागी फळं निघतात, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फोन करत नाही. गाडीचे हप्ते चालू होते. हा सीझन अंगावर आला तर पिकअप विकायचा आणि बाबांना पुन्हा दलालाकडे माल घाला म्हणून सांगायचं, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. बाबांना हे सांगायचं कसं, याचीच त्याला जास्त धास्ती होती.

अशात एका मिस्त्रीने त्याला फण्डा दिला. “इंजिन घुसमटतंय साहेब. फेंडर कापू, जाळी बसवू, थंड हवा डायरेक्ट आत. मग बघा गाडी.” साहेबांना फण्डा एकदम पटला. मी गाड्यांवर लिहितो म्हणून कापण्याआधी मला फोन आला, एवढंच.

आता फेंडरवरच्या जाळीचं म्हणाल तर ते प्रकरण नवं नाही. अमेरिकेत ब्यूइकने १९४९ सालच्या मॉडेलांवर फेंडरच्या बाजूला गोल भोकं दिली आणि त्यांना ‘व्हेंटिपोर्ट’ असं भारदस्त नाव ठेवलं. महागड्या रोडमास्टरला एका बाजूला चार, बाकीच्यांना तीन. शेजाऱ्याने किती पैसे मोजले ते रस्त्यावरूनच कळायची सोय! बॉनेटखालची गरम हवा त्यातून बाहेर पडते असा दावा होता. पण ती भोकं लवकरच आतून बुजवली गेली आणि उरली नुसती शोभा. ती परंपरा आजही जोरात आहे. कुठल्याही अॅक्सेसरीजच्या दुकानात जा, डबल टेपने चिकटवायच्या प्लास्टिकच्या जाळ्या जोडीने लटकत असतात. उलट जुन्या लँड रोव्हर डिफेंडरच्या फेंडरवरची जाळी दिसायला साधी, पण इंजिनाची हवा खरोखर तिथून आत जाते. तुमची जाळी ब्यूइकच्या घराण्यातली की डिफेंडरच्या, हे तिच्यामागे काय जोडलंय त्यावर ठरतं.

मिस्त्री म्हणाला ती ‘डायरेक्ट हवा’ पहिल्यांदा निकालात काढू. गाडी पळते, वारा भोकात घुसतो आणि इंजिनात हवा कोंबली जाते, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. गणित केलं की फुगा फुटतो. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. कुंभार्लीत आपला वेग ३०. तिथे तो अर्ध्या टक्क्याच्याही दहाव्या भागावर येतो. शिवाय फेंडरची जाळी असते बाजूला. वारा तिला घासून निघून जातो, आत घुसत नाही. काही ठिकाणी तर तिथला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, आणि स्पोर्ट्स कारवाले त्याचाच फायदा घेऊन चाकामागच्या जाळीतून हवा बाहेर ओढून काढतात. हवा आत ओढायचं काम इंजिन स्वतःच करतं आणि भरपूर करतं. अडीच लिटरचं इंजिन ३००० आरपीएमवर टर्बोशिवायसुद्धा मिनिटाला साधारण पावणेचार हजार लिटर हवा गिळतं. आपण फक्त त्याच्या नाकाशी कुठली हवा ठेवायची ते बघायचं.

कारण खरा फरक आहे तो तपमानात. बाहेर ३६ अंश आणि बॉनेटखाली ६६ अंश असतील, तर तेवढ्याच जागेत मावणारी हवा ९ टक्क्यांनी कमी भरते. हवा कमी म्हणजे ऑक्सिजन कमी. मग डिझेल नीट जळत नाही आणि धूर काळा होतो. आणि चढावर गाडी सावकाश चाललेली, इंजिन पूर्ण जोरात, रेडिएटरमागची भट्टी बॉनेटखालीच कोंडलेली. हवा तापायला यापेक्षा बेस्ट जागा नाही. मिस्त्रीचं कारण चुकीचं होतं, पण बोट योग्य जागेवर होतं.

बॉनेट उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. आधीच्या मालकाने कंपनीचा काळा प्लास्टिकचा फिल्टरचा डबा काढून टाकला होता आणि पाइपाच्या टोकाला लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर लावला होता. उघडा. इंजिनाच्या शेजारी. असे फिल्टर चमकतात छान आणि घुर्रर आवाजही सही येतो, त्यामुळे पोरांना वाटतं पॉवर वाढली. वास्तविक गाडी स्वतःचाच उच्छ्वास ओढत असते. वर तो फिल्टर कोकणातल्या जांभ्याच्या धुळीने बुजलेला. कंपनीचा डबा कुरूप असतो, कबूल. पण त्याला एक नळी असते, तिचं तोंड आतल्या पत्र्यातून पलीकडे, फेंडरच्या पोकळीत उघडतं. तिथे इंजिनाची धग कमी आणि पावसाचं पाणीही सरळ येत नाही. म्हणजे बहुतेक गाड्यांत कंपनीने थंड हवेची सोय आधीच करून ठेवलेली असते. नुसती दिसत नाही, म्हणून पटत नाही.

तर आम्ही ठरवलं की आधी मोजायचं. ओबीडीच्या सॉकेटात बसणारा छोटा डोंगल आणला, मोबाइलवर अॅप टाकलं, आणि एका शनिवारी मीही घाट चढायला सोबत गेलो. एक लक्षात घ्या. टर्बोच्या गाडीत हवेचं तपमान दोन ठिकाणी मोजलेलं असू शकतं, फिल्टरजवळ आणि इंटरकूलरच्या पुढे. आपल्याला पहिला आकडा हवा असतो. बाहेर ३६, घाटाच्या मध्यावर आत ६६. पिकअपरावांनी त्या आकड्याकडे असं बघितलं की जणू परफॉर्मन्स रिव्ह्यूचं पत्र आलंय.

पुढच्या आठवड्यात जुन्या बाजारातून मूळ डबा आणि नळी शोधून आणली, साधा नवा कागदी फिल्टर घातला. पुन्हा तोच घाट, तेवढाच माल, बाहेर तेवढंच ऊन. आता ५२. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढली, काही ठिकाणी तिसऱ्यातही. धूर नावापुरता. खर्च म्हणाल तर एका वीकेण्डच्या सिनेमा आणि जेवणाइतका.

इथे मी थांबलो असतो. पण पिकअपरावांच्या डोक्यात जाळी बसली होती. बाहेर ३६ असताना आत ५२ का, हा प्रश्न त्यांना झोपू देईना. प्रश्न बरोबरच होता. सावकाश चढताना फेंडरची पोकळीही तापते, कारण आतल्या पत्र्याच्या फटींतून इंजिनाची धग तिथे झिरपते. तिला बाहेरच्या हवेशी जोडणारी खिडकी दिली तर उपयोग होणार. मग निदान धड करू म्हटलं.

पहिली अट, गाडीचा मूळ फेंडर कापायचा नाही. फेंडर हा बोल्टवर बसणारा पत्रा असतो, त्यामुळे त्याच रंगाचा एक जुना मिळवला आणि कातर त्याला लावली. मूळचा घरात पलंगाखाली. याला कारण आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बाबत स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. एवढीशी जाळी त्यात येते का, हे आरटीओत आधीच विचारून ठेवावं, आणि इन्शुरन्सवाल्यालाही. वॉरंटीतली गाडी असेल तर हा उद्योग करूच नका.

खिडकी कुठे? शक्य तितकी वर आणि दरवाजाच्या बाजूला, चाकाच्या चिखलापासून लांब. पट्ट्या मागे झुकलेल्या, म्हणजे पाऊस सरळ आत येत नाही. मागून बारीक जाळी. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: खिडकीपासून फिल्टरपर्यंत थेट पाइप टाकायचा नाही. मिस्त्रीला तोच टाकायचा होता. खिडकीतून हवा पोकळीत यावी, तिथे मंदावून पाणी-धूळ खाली सोडावी आणि मग डब्याच्या नळीने वर ओढावी. पोकळीच्या तळाचं पाणी निघायचं भोक मोकळं आहे ना, तेवढं बघायचं. कापलेल्या कडांना घासून प्रायमर आणि रंग, तोही दोन हात. गुहागरची खारी हवा उघड्या पत्र्याला एका पावसाळ्यात खाऊन टाकते.

निकाल? त्याच घाटात ४०. म्हणजे खिडकीने आणखी १२ अंश उतरवले. ऐकायला भन्नाट वाटतं. पण ही हवा पुढे टर्बोत दाबली जाऊन पुन्हा तापते आणि मग इंटरकूलरमध्ये निवते. या सगळ्या प्रवासात आधीचा फरक बराचसा पुसला जातो. माझ्या ढोबळ हिशेबाने त्या १२ अंशांतून इंजिनाच्या हातात जेमतेम दीड टक्का जास्त हवा पडते. पिकअपरावांना तो घाटात जाणवतो म्हणे. मला जाणवला नाही. आंबे वेळेवर पोचतात ते त्या कुरूप डब्यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आमचं यावरून दर रविवारी वाजतं.

एका बाबतीत मात्र मी ऐकून घेतलं नाही. मृग लागायच्या आत ती खिडकी आतून पत्रा आणि रबर लावून बंद करायची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात कुठवर चढलं होतं, ते त्याने स्वतः पाहिलंय. इंजिनात पाण्याचा घोट जरी गेला तरी पिस्टन वर येताना पाणी दबत नाही, कारण हवेसारखं ते दबतच नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या पॉलिसीत असं नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिनाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, ढकलायची. खिडकी असो वा नसो, हे सगळ्यांनाच लागू. पण खिडकीवाल्याने पाण्यात घुसण्याआधी दोनदा विचार करावा, कारण त्याने गाडीच्या अंगाला एक भोक जास्त ठेवलंय.

पिकअप विकायचा विषय सध्या निघालेला नाही. सीझनच्या शेवटच्या फेरीला बाबा स्वतः शेजारच्या सीटवर बसून पुण्याला आले. हेळवाकला चहाला थांबले तेव्हा गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “या बाजूला जाळी, त्या बाजूला का नाही?” इंजिनाला एकच नाक असतं वगैरे सगळं पिकअपरावांनी समजावून सांगितलं. बाबांना ते लंगडं दिसत होतं.

परवा पाहिलं, डाव्या फेंडरवर एक जाळी आली आहे. डबल टेपवाली.