जुनं कपाट घरात आणण्यापूर्वी



पावसाळा सरत आला की दिवाळीची चाहूल लागते आणि घरासाठी काहीतरी नवं घ्यायचे बेत आपल्या मनात सुरू होतात. दुकानात चौकशी केली की मात्र किंमत ऐकूनच पाय मागे फिरतात. अशा वेळी आठवण होते ती जुन्या सामानाची. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, जोगेश्वरीला ओशिवऱ्याकडची जुन्या फर्निचरची दुकानं, नाहीतर बदली होऊन गाव सोडणारे शेजारी! तिथली वस्तू आणून थोडी घासली, रंगवली, मुठी बदलल्या की ओळखू येत नाही. मी हा उद्योग गेली कित्येक वर्षं करते आहे. पण आज आधी माझी फजिती सांगते, म्हणजे पुढचं सगळं तुमच्या लक्षात राहील.

एका दुकानात आरशाचं कपाट पाहिलं आणि मी भुललेच. तांबूस चकचकीत पॉलिश, पितळी मुठी. दुकानदार म्हणाला, "ताई, अस्सल सागवान आहे. सागवानाला कीड लागत नाही." घरखर्चातून वाचवलेले पैसे मोजले आणि कपाट घरी आणलं. जागा होती ती सासूबाईंच्या खोलीत, जुन्या लाकडी पाळण्याशेजारी. त्या पाळण्यात आमचे दीर-नणंदा वाढले, माझी दोन्ही मुलंही वाढली. सासूबाई रोज सकाळी कपाटाखालून पिठासारखं काहीतरी झाडून काढीत. मला वाटलं, माझी पावडरच सांडत असेल! पुढच्या पावसाळ्यात पाळण्याच्या पायालाही टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली, तेव्हा सुताराला बोलावलं. त्याने कपाटाच्या मागच्या फळीला पेचकस टेकवला, तो सरळ आत गेला! कपाट टाकून द्यावं लागलं आणि पाळण्याचा एक पाय कापून नवा बसवावा लागला. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, स्थळ बघताना नुसते कपडे बघतो का आपण?"

दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं होतं. सागाच्या गाभ्याचं लाकूड वाळवीला आणि भुंग्याला सहसा दाद देत नाही. पण सालीलगतचं फिकट लाकूड किडीला चालतं आणि गडद पॉलिशखाली दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून पॉलिश विकत घेऊ नका, लाकूड आणि सांधे विकत घ्या.

ते पाहायचं कसं? पर्समध्ये मापाची टेप, टॉर्च आणि एक काळा कागद ठेवा. वस्तू पुढून नव्हे, मागून आणि खालून बघा. बारीक गोल भोकं दिसली तर खाली कागद धरून हलकेच थोपटा. ताजं, फिकट पीठ पडलं तर कीड जिवंत आहे, तिथून निघा. पीठ पडलं नाही आणि भोकांत धूळ बसलेली असली तर कीड बहुधा जुनी असते, तरी सुताराला दाखवल्याशिवाय घेऊ नये. पलंग असेल तर सांध्यांतल्या फटी टॉर्चने तपासा. काळे ठिपके दिसले तर ते ढेकणांचे समजा.

खण पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यात एका फळीचे दाते दुसऱ्या फळीत बसवले असतील तर काम चांगल्या सुताराचं. नुसते खिळे मारले असतील तर किंमत त्या मानाने द्या. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं फर्निचर पाणी लागलं की तळाशी फुगतं. फुगलेला भाग बसत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाहीत. असं सामान फुकट मिळालं तरी नको.

आता दुसरी बाजू. ओरखडे, उडालेलं पॉलिश, तुटलेली मूठ, गंजलेली बिजागरी हे दोष आपल्या फायद्याचे! दुरुस्ती सोपी असते आणि घासाघीस करायला तोंड मिळतं. खुर्ची डुगडुगते म्हणून सोडू नका. लाकूड घट्ट असेल तर सुतार सांधा उघडून सरस लावून देतो. वेताची बैठक सैल झाली असेल, पण तुटली नसेल, तर खालच्या बाजूने गरम पाण्याने ओली करून वाळू द्या. वाळताना वेत ताणला जातो.

एक गोष्ट मात्र फार जपून करा. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार बाधते. म्हणून जुनी रंगवलेली वस्तू मुलांच्या अभ्यासाच्या टेबलासाठी घेऊच नका. मोठ्यांसाठी घेतली तरी पाण्याचा पॉलिश पेपर वापरून ओलंच घासा, तोंडावर चांगला मास्क बांधा, मुलांना लांब ठेवा आणि खाली पडलेलं सगळं ओल्या फडक्याने टिपून घ्या. घरात गरोदर लेक-सून असेल तर तिने या कामाला हात लावू नये.

भाव करण्यापूर्वी एक बेरीज करा. वस्तूची किंमत, टेम्पोचं भाडं, हमाली, सुताराची मजुरी आणि रंग-पॉलिश. बेरीज नव्या वस्तूच्या जवळ जात असेल तर मोह आवरा. जिन्याचं वळण आणि दाराची रुंदी घरून निघतानाच मोजून घ्या, नाहीतर कपाट खाली आणि आपण वर!

घरी आणल्यावरही लगेच आत घेऊ नका. पंधरा दिवस गॅलरीत, खाली काळा कागद अंथरून ठेवा आणि रोज पाहा. कीड आत वर्षभरही दडून राहू शकते, तेव्हा पुढचा एक पावसाळा तिच्यावर नजर असू द्या.

आमचा पाळणा आता पुन्हा तयार आहे. नव्या पायाचं लाकूड थोडं वेगळं दिसतं. सासूबाईंनी ते रंगवू दिलं नाही. "असू दे, आठवण राहील," म्हणाल्या. तेव्हापासून बाजारात कुठल्याही चकचकीत कपाटासमोर उभी राहिले की मी आधी खाली वाकते.